कोणते पाऊल?

शाळेच्या मैदानावरील एक सायंकाळ कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा बास्केटबॉलचा सामना अखेरच्या मिनिटात आला आहे. एका संघाचे अठरा गुण झाले आहेत, दुसऱ्याचे सतरा. मागे पडलेल्या संघातील एक मुलगी भरधाव धावत असतानाच सोबतिणीने फेकलेला चेंडू झेलते, पावले टाकते आणि कड्याच्या दिशेने उडी घेते. त्याच क्षणी कडेला बसलेल्या पालकांतून चार-पाच आवाज एकदम उठतात, "ट्रॅव्हल! ट्रॅव्हल!" पंच म्हणून उभा असलेला तरुण अद्याप महाविद्यालयात शिकणारा आहे. शिट्टी त्याच्या ओठांत असतेच, ती वाजते. चेंडू कड्यातून खाली उतरतो खरा, परंतु ते गुण मोजले जात नाहीत. चेंडू प्रतिपक्षाला मिळतो आणि थोड्याच वेळात सामना संपतो. सर्व मंडळी पांगू लागल्यावर ती मुलगी पंचाजवळ येते. ती रडत नाही, भांडत नाही, एवढेच विचारते, "सर, माझे कोणते पाऊल चुकले?"

त्या तरुणाजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते. त्याने चेंडू पाहिलेला असतो, उडी पाहिलेली असते, आरडाओरडही ऐकलेली असते. पाहिलेली नसतात ती फक्त पावले.

असा प्रसंग कोणत्याही गावच्या मैदानावर घडण्याजोगा आहे, आणि तो क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगा मात्र नाही. मोठ्या माणसांना न्यायाचा अनुभव कचेरीत आणि न्यायालयात येतो. मुलांना तो प्रथम खेळाच्या मैदानावर येतो. तेथे मिळालेला निकाल बरोबर होता की चूक, हे मूल पुढे विसरेलही. परंतु निकाल देणाऱ्याने आपल्याकडे नीट पाहिले होते की नाही, हे ते सहसा विसरत नाही. म्हणून चेंडू हातात घेऊन पावले टाकण्याचा हा जो नियमभंग, ज्याला सर्वत्र ट्रॅव्हलिंग या नावाने ओळखतात, त्याचा न्याय मुलांच्या खेळात कसा करावा, याचा विचार पंचांनी तर करावाच, पण कडेला बसणाऱ्या आईवडिलांनीही करावा.

या नियमाचे महत्त्व कळण्यास खेळाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. इ. स. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड या गावी, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचा एक कॅनेडियन शिक्षक होता. बाहेर हिवाळा, आत कंटाळलेले अठरा विद्यार्थी, आणि वरिष्ठ ल्यूथर ग्यूलिक यांची सूचना की घरात खेळता येईल असा काही नवा खेळ शोधून काढावा. नेस्मिथने आधी प्रचलित खेळच छपराखाली आणून पाहिले. परंतु फळ्यांच्या जमिनीवर आणि चार भिंतींच्या आत त्या खेळांतील धरपकड म्हणजे हातपाय मोडून घेण्याचीच तयारी होती. तेव्हा त्याने मूळ कारणाचा शोध घेतला. खेळाडूला पाडावे का लागते? तो चेंडू घेऊन पळतो म्हणून. त्याने चेंडू घेऊन पळावयाचेच नाही असे ठरविले, तर त्याला पाडण्याचे कारणच उरत नाही. या एका विचारावर नवा खेळ उभा राहिला. सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या गेल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले गेले.

अर्थात ट्रॅव्हलिंगचा नियम हा या खेळातील अनेक कलमांपैकी एक कलम नव्हे. सारा खेळ ज्या पायावर उभा आहे, तो पायाच तो होय. त्या तेरा नियमांपैकी तिसऱ्यात असे सांगितले होते की चेंडू घेऊन धावता येणार नाही. जेथे झेलला तेथूनच तो फेकला पाहिजे. मात्र वेगाने धावत असता चेंडू झेलणारा खेळाडू थांबण्याचा प्रयत्न करीत असेल, तर त्याला सवलत द्यावी, असेही त्याच नियमात होते. ही सवलत मोठी मननीय आहे. धावता देह एका क्षणात थांबत नाही, ही गोष्ट नियम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी ओळखली होती. तेव्हापासून आजपर्यंत या नियमात जे जे फेरफार झाले, ते सारे या एकाच प्रश्नाभोवती फिरले आहेत: थांबण्यासाठी किती पावले?

वाय. एम. सी. ए. च्या द्वारा हा खेळ जगभर पसरला आणि हिंदुस्थानातही आला. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासेत स्थापिलेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचे या कार्यातील स्थान मोठे आहे. मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी त्याच दशकात नागपाडा नेबरहुड हाऊस ही संस्था उभी केली आणि पुढे नागपाड्याचे नाव बास्केटबॉलशी जोडले गेले. आज शाळाशाळांतून तो खेळला जातो. पालक त्याचे सामने पाहतात, थोडेबहुत नियम ऐकून असतात. आणि ऐकीव नियमाइतकी घातक वस्तू प्रेक्षकांच्या हाती दुसरी नाही.

तर मग आजचा नियम काय आहे? तो सांगण्यास घरचाच एक दाखला पुरे आहे. लंगडी खेळणाऱ्या मुलाचा वर उचललेला पाय जमिनीला टेकला की ते बाद होते, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. बास्केटबॉलमध्ये याच्या उलट प्रकार असतो. तेथे टेकलेल्या पायावर नजर ठेवावयाची. उभ्या असलेल्या खेळाडूने चेंडू झेलला आणि एक पाय उचलला, की दुसरा पाय त्याच क्षणी खिळला, असे समजावयाचे. त्याला पिव्हट म्हणतात. कंपासाचे टोक कागदात रुतलेले असावे आणि पेन्सिल भोवती फिरावी, त्याप्रमाणे मोकळा पाय वाटेल तितक्या वेळा, वाटेल त्या दिशेने टाकता येतो. रुतलेला पाय मात्र जागा सोडू शकत नाही. चेंडू आपटीत निघावयाचे असेल, तर रुतलेला पाय उचलण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे. चेंडू कड्यात टाकावयाचा किंवा सोबत्याला द्यावयाचा असेल, तर तो पाय उचलता येतो, उडीही घेता येते. पण पाय पुन्हा जमिनीला लागण्यापूर्वी चेंडू हातातून गेलेला असला पाहिजे.

धावत असता चेंडू घेणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याला थांबण्यास, चेंडू देण्यास किंवा कड्यात टाकण्यास दोन पावले मिळतात. चेंडू झेलून त्याला तो आपटीत पुढे जावयाचे असेल, तर मात्र दुसरे पाऊल टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे. आता ही दोन पावले कोठून मोजावयाची, येथेच सारी मेख आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, १ ऑक्टोबर २०१७ पासून अमलात आलेल्या नियमावलीने याचा स्पष्ट खुलासा केला. चेंडू ताब्यात आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर असेल, तो मोजावयाचा नाही; त्यानंतर जे पाऊल टेकेल ते पहिले आणि त्यापुढचे दुसरे. पूर्वी तो जमिनीवरचा पायच गणनेत येत असे. म्हणून ज्यांनी हा खेळ पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शिकला, त्यांच्या डोळ्यांना आजचा निर्दोष खेळाडू एक पाऊल अधिक टाकताना दिसतो. अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या नियमपुस्तकात दोन पावलांचा स्पष्ट उल्लेख २००९ साली आला, आणि तेथील शाळांचे नियमपुस्तक तर निराळेच आहे. सारांश, कोणत्या नियमावलीने सामना होणार आहे, हे पंचाने शिट्टी गळ्यात अडकविण्यापूर्वीच पक्के करून घेतले पाहिजे.

नियम पाठ असणे ही अर्धी तयारी झाली; उरलेली अर्धी डोळ्यांची आहे, आणि ती अधिक कठीण. नेस्मिथच्या मूळ नियमांत दोन अधिकारी होते: एक चेंडूचा न्यायाधीश, दुसरा खेळाडूंचा. आज प्रत्येक पंचाला ही दोन्ही कामे दोन डोळ्यांनी करावी लागतात. माणसाची नजर स्वभावतःच हलणाऱ्या आणि रंगीत वस्तूमागे जाते. चेंडू वर गेला की डोळे वर जातात, आणि पावले तर खाली पडत असतात. यास्तव अनुभवी पंच एक शिस्त अंगी बाणवून घेतात. खेळाडूच्या हातात चेंडू येतो न येतो, तोच नजर खाली नेऊन ते मनाशी म्हणतात, "डावा रुतला" किंवा "उजवा रुतला". त्यानंतर चेंडू कोठे जातो हे पाहण्यास सारे मैदान मोकळे आहे. पण तो रुतलेला पाय कोणता, याचा निर्णय त्या पहिल्या क्षणी झाला नाही, तर पुढे कधीच होत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. पंच खेळाडूला फार खेटून उभा राहिला, तर त्याला हात दिसतात तेव्हा पाय दिसत नाहीत, आणि पाय दिसतात तेव्हा हात दिसत नाहीत. चार पावले मागे सरले की हात आणि पाय एकाच दृष्टिक्षेपात मावतात. शिवाय ज्या कोनातून दोन खेळाडूंमधील फट दिसते, तोच कोन उपयोगी. मुलांच्या सामन्यांत बहुधा दोन पंच असतात; एक कड्याजवळ पुढे आणि दुसरा मागून येणारा. एकाच्या आड खेळाडू आला, तर दुसऱ्याला तेच दृश्य उघडे असते. अशा वेळी ज्याला दिसले नाही त्याने स्वस्थ राहणे, यात कमीपणा नाही. न दिसलेल्या गोष्टीवर शिट्टी वाजविणे, यात मात्र आहे.

मुलांच्या खेळात खरे नियमभंग कोणते होतात, हे थोडे निरीक्षण केले तर ध्यानात येते. ते फार विविध नसतात. सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे निघण्याची घाई: चेंडू आपटण्यापूर्वीच रुतलेला पाय उचलला जातो. दुसरा प्रकार भीतीचा: समोर दोन प्रतिस्पर्धी हात पसरून उभे राहिले की लहान मूल चेंडू छातीशी धरते आणि दोन्ही पाय थोडेथोडे सरकवू लागते. तिसरा प्रकार चेंडू टाकण्यासाठी उडी घेऊन मन बदलण्याचा. चेंडू हातातच ठेवून मूल पुन्हा जमिनीवर येते. चौथा पडलेल्या खेळाडूचा. चेंडू धरून पडणे आणि पडता पडता घसरणे हा दोष नव्हे; परंतु चेंडू न सोडता लोळणे किंवा उठून उभे राहणे हा दोष आहे.

याच्या उलट, ज्यांवर हटकून शिट्टी वाजते पण जे मुळीच दोष नव्हेत, असेही प्रकार आहेत, आणि मुलांवर खरा अन्याय होतो तो येथे. झेलताना चेंडू हातातून निसटला, मुलाने दोन-तीन पावले धावून तो पुन्हा पकडला, तर ती पावले मोजावयाची नाहीत. चेंडू ताब्यातच नव्हता. चेंडू उंच आपटीत धावणारा मुलगा दोन आपटींच्या दरम्यान चार पावले टाकील. चेंडू हातात विसावलेला नसेल, तर तोही निर्दोष. मोकळा पाय पुढे टाकून, मग रुतलेला पाय उचलून चेंडू कड्यात टाकणारी मुलगी प्रेक्षकांना लबाड वाटते. नियमाच्या दृष्टीने ती केवळ चांगली शिकलेली असते. आणि एखाद्या मुलाला मागून धक्का बसला व त्यामुळे त्याचा पाय सरकला, तर शिट्टी धक्क्याची वाजली पाहिजे, पावलाची नव्हे; कारण तेथे पाऊल हे कार्य आहे आणि धक्का हे कारण.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. मुलांचे शरीर वाढत असते, हातपाय एकमेकांचे ऐकत नाहीत, चेंडू तळव्याच्या मानाने मोठा असतो. म्हणून त्यांच्या निर्दोष हालचालीही वेड्यावाकड्या दिसतात. लहानांसाठी पाच क्रमांकाचा छोटा चेंडू आणि ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर उंचीचे कडे वापरण्याची जी पद्धत मिनी बास्केटबॉलमध्ये आहे, तिचा हेतू हाच की साधन मुलाच्या अंगाला बेतावे. पण साधन बेतले तरी हालचाल डौलदार होण्यास वर्षे लागतात. तोवर पंचाने हे विसरता कामा नये की बेढब दिसणे हा गुन्हा नव्हे. नियमपुस्तकात कोठेही असे लिहिलेले नाही की जे विचित्र दिसेल त्यावर शिट्टी वाजवावी.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. नवशिक्या मुलांच्या सामन्यात प्रत्येक चुकलेल्या पावलावर शिट्टी वाजविली, तर खेळ पुढे सरकणारच नाही. मुले मैदानावर शिट्टी ऐकण्यासच येतात की काय, असे होईल. मग पुष्कळशा चुका सोडून देणेच बरे नव्हे काय? या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. दुसऱ्या बाजूस, ज्या मुलाने महिनाभर खपून पाय रुतवून ठेवण्याची सवय केली आहे, त्याच्यासमोरून दुसरे मूल चेंडू घेऊन खुशाल धावत गेले आणि पंच गप्प राहिला, तर पहिल्या मुलाला काय शिकविले गेले? हेच की शिकलेले व्यर्थ आहे. नेस्मिथने ज्या अनर्थाला आळा घालण्यासाठी नियम केला, तो अनर्थही मग मागोमाग येतो. पळणाऱ्याला अडविण्यासाठी मुले अंगावर धावून जाऊ लागतात.

यातून मार्ग काढावयाचा तर दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. अगदी नवशिक्यांचा, शिकण्यासाठी म्हणून होणारा सामना असेल, तर पंच हा अर्धा शिक्षक असतो. दोन्ही संघांच्या शिक्षकांशी आधी बोलून तो ठरवू शकतो की पाय जागच्या जागी किंचित सरकला आणि त्याचा कोणास लाभ झाला नाही, तर खेळ चालू ठेवून "पाय सांभाळ" एवढे सांगावे. पण चेंडू घेऊन पुढे सरकल्याने प्रतिस्पर्धी मागे पडला, तर शिट्टी वाजवावीच. स्पर्धेचा सामना असेल, तर तेथे नियम पूर्णच पाळला पाहिजे. दोन्हीकडे एक अट मात्र सारखी: जे माप पहिल्या मिनिटाला, तेच शेवटच्या मिनिटाला, जे माप एका संघाला, तेच दुसऱ्याला. पहिले तीन डाव उदार आणि चौथा डाव कडक, असा पंच कठोर नसतो, उदारही नसतो. तो केवळ अन्यायी असतो.

शिट्टी वाजविल्यानंतरचे कामही लहान खेळाडूंच्या बाबतीत महत्त्वाचे आहे. उघड्या पंजाने हात वर करणे, दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून ट्रॅव्हलिंगची खूण करणे आणि चेंडू कोणत्या दिशेने जाणार ते दाखविणे, एवढे नियमाने सांगितले आहे. चांगला पंच त्यात दोन शब्दांची भर घालतो: "उजवा पाय उचलला." याला दोन सेकंदही लागत नाहीत. त्या दोन शब्दांत मुलाला शिक्षेचे कारण कळते, आणि पंचाचीही परीक्षा होते. कारण जो पंच पाय कोणता हे सांगू शकत नाही, त्याने शिट्टी वाजवावयास नको होती. संशय असेल तर खेळ चालू द्यावा, हा या विषयातील सुवर्णनियम होय. हालचालीचा आरंभ दिसला नसेल, तर तिच्या शेवटावरून निकाल देऊ नये.

आणि कडेला बसलेली मंडळी? आपल्या मुलाचा संघ हरत असता शांत बसणे सोपे नाही, हे खरे. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा प्रकार मैदानाच्या कडेला जितका चालतो, तितका इतरत्र क्वचितच. पालकांची आरोळी सामन्याचा निकाल फिरवू शकते, याची त्यांना कल्पना नसते. मुलांच्या सामन्यांत शिट्टी पुष्कळदा एखाद्या नवख्या पंचाच्या, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्याच हातात असते. तोही शिकतच असतो. चार मोठी माणसे एका आवाजात ओरडली की आपल्या डोळ्यांपेक्षा त्यांचा आवाज त्याला खरा वाटू लागतो. घरी गेल्यावर पंचाला नावे ठेवण्याऐवजी नियमपुस्तकाची दोन पाने मुलासह वाचली, तर पुढच्या सामन्यात ओरडण्याचे निम्मे प्रसंग आपोआप कमी होतील.

आता आरंभीच्या त्या मुलीकडे वळावे. तिने धावता धावता चेंडू झेलला, तेव्हा तिचा डावा पाय जमिनीवर होता. मग उजवा टेकला, मग पुन्हा डावा. आणि त्या डाव्या पायावर उडी घेऊन तिने चेंडू सोडला. कडेच्या मंडळींनी तीन पावले मोजली. नियमाने ती दोनच होत. तिच्या शिक्षकाने तिला जे शिकविले, तेच तिने केले होते. तिचे कोणतेही पाऊल चुकले नव्हते.

गेलेले गुण परत येत नाहीत. परंतु त्या तरुण पंचाला अजून एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. तिच्या शाळेत जाऊन, तिच्या संघासमोर, "त्या दिवशी तुझे पाऊल बरोबर होते, माझी शिट्टी चुकली," असे तो सांगू शकतो. त्यामुळे सामन्याचा निकाल बदलणार नाही. पण ते ऐकले नाही, तर तीच मुलगी पुढच्या सामन्यात ते दुसरे पाऊल टाकताना बिचकेल, आणि बरोबर शिकलेली गोष्ट भीतीने सोडून देईल. आणि तो स्वतः पुढच्या सामन्यात, आवाज कितीही उठला तरी, प्रथम खाली पाहील.